अकरा शनिवार

आप्पा भामरे कॉम्प्युटरच्या खोलीत शिरण्याआधी हात धुवायचे. त्याचा तसा काही उपयोग नसायचा. वीस वर्षं पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये रंगात बुडालेला हात साबणाला दाद देत नाही. नखांच्या कडा निळ्या, तळव्याच्या रेघांत जांभळं, आणि उजव्या अंगठ्यावर एक डाग, जो त्या आठवड्यात चाललेल्या मालाप्रमाणे रंग बदलायचा. तरी ते धुवायचे. चपला बाहेर काढायचे, हात पंच्याला पुसायचे आणि मगच दार ढकलायचे.

मी एकदा विचारलं, "आप्पा, देऊळ आहे का हे?"

"देवळात एवढं गार कुठं असतं, पाव्हणा?"

मला ते पाव्हणा म्हणायचे, कारण मी नांदेडकडचा. मिलमधली बाकीची मराठी माणसं सगळी खान्देशची. शिरपूर, साक्री, अमळनेर. आपसात अहिराणी बोलायची, मालकाशी गुजराती, आणि माझ्याशी शाळेतली मराठी, जणू मी शिक्षणाधिकारी तपासणीला आलोय. आप्पांनी पहिल्या आठवड्यातच तो अवघडलेपणा मोडला. डबा उघडून माझ्या पोळीवर न विचारता ठेचा ठेवला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आल्यावर सगळ्यांना ओरडून सांगितलं, "रडना रे पाव्हणा! आता आपला झाला."

त्यांच्याबद्दल मी आजवर काही लिहिलं नाही. दोनतीनदा बसलो, पण एका ठिकाणी आलं की हात थांबायचा. म्हणून ते ठिकाण आधीच सांगून टाकतो. आप्पांच्या हातून ती खोली गेली ती माझ्यामुळे. हे माझ्या बायकोलाही अर्धंच ठाऊक आहे.

आप्पा सातवी शिकलेले. मिलमध्ये आले तेव्हा मशीनवर कापड फिरवायचे, मग कलर किचनमध्ये गेले. तिथे रंग तोलून कालवतात. ओलं कापड हातात घेऊन, ते वाळल्यावर कसं दिसेल हे ते सांगायचे. आम्हाला ओला मोरपंखी दिसायचा, ते म्हणायचे, "वाळल्यावर हिरव्याकडे झुकेल, व्यापारी परत पाठवील." आणि तसंच व्हायचं.

नव्वदनंतर दोनतीन वर्षांत मिलमध्ये सर्व्हर आला. कोणत्या शेडला कोणता रंग किती, कोणतं तापमान, किती वेळ, हे सगळे नुस्खे वह्यांतून काढून त्यात भरायचे होते. भरणारी पोरं पदवीवाली. आप्पा त्यांच्या मागे उभे राहायचे आणि पडद्याकडे बघून म्हणायचे, "हा आकडा चुकला. एवढा पिवळा टाकला तर साडी नाही, हळदीचा कार्यक्रम होईल." महिनाभर हे चाललं. शेवटी मालकांचे पुतणे भरतभाई, जे मिल सांभाळायचे, ते वैतागून म्हणाले, "तो पछी तमे ज बेसो ने, आप्पा!" मग तुम्हीच बसा ना. आप्पा बसले. उठलेच नाहीत.

त्यांना इंग्रजीतले रंग वाचता यायचे, बाकीचं इंग्रजी नाही. रंगाच्या पिंपांवरची नावं वर्षानुवर्षं बघून स्कार्लेट, टर्क्वॉइज, नेव्ही हे शब्द चित्रासारखे डोळ्यांत बसलेले. त्या अक्षरांवरून त्यांनी बाकीची अक्षरं सोडवली. सर्व्हरबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक त्यांनी शब्दकोश घेऊन वाचलं, रोज दीड पान. समासात पेन्सिलीने देवनागरीत अर्थ लिहिलेले. मी डिप्लोमा घेऊन त्या खोलीत दुसरा माणूस म्हणून लागलो तेव्हा ते निम्म्यापर्यंत पोचले होते. मी ते पुस्तक कधी उघडलंही नाही. मला वाटायचं, हे सगळं मला येतं. बरंचसं येतही होतं.

सर्व्हर पहिल्यांदा चालू करायचा त्या दिवशी भरतभाईंना त्याच्यावर नारळ फोडायचा होता. हार, अगरबत्ती, भटजी, सगळं तयार. आप्पांनी नारळ हातात घेतला, डोळ्यांसमोर धरला, हलवून बघितला आणि म्हणाले, "शेठ, यात पाणी फार आहे. याला बॉयलर बरा." आणि सगळी वरात बॉयलरकडे वळवली. सर्व्हरला फक्त एक झेंडूचं फूल मिळालं, तेही पाकळी पंख्यात जाईल म्हणून संध्याकाळी काढून घेतलं.

सकाळी मशीन चालू करताना ते हलक्या आवाजात म्हणायचे, "ऊठ वं माय." भाकड म्हशीला उठवावं तसं. पडद्यावर ओळी धावायला लागल्या की मान हलवायचे आणि मगच चहा.

कलर किचनची एक शिस्त होती. हजार मीटरचा लॉट मशीनला लावण्याआधी हातभर कापड छोट्या भांड्यात रंगवून बघायचं. तो तुकडा वाळवून वहीत चिकटवायचा, खाली सही. वहीत तुकडा नसेल तर लॉट मशीनला लागत नाही, मग मालक स्वतः उभा असो. आप्पांनी हीच पद्धत खोलीत आणली.

सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या. एकीवरून तो जागा व्हायचा, दुसरीवर नुस्खे. जागी करणारी डिस्क मेली तर दुसरी धडधाकट असूनही काही कामाची नाही. म्हणून बाहेरून जागं करायला एक फ्लॉपी बनवून ठेवतात. तशी सगळेच ठेवत, कपाटात, वर्षानुवर्षं. आप्पांना ते पटायचं नाही. "बनवली म्हणजे काय? तुकडा कुठंय?" दर शनिवारी चार वाजता सर्व्हर बंद करायचा, फ्लॉपीवरून उठवायचा, आणि उठताना पडद्यावर जी ओळ यायची ती रजिस्टरमध्ये हाताने उतरवायची. त्या ओळीत डिस्क जोडणाऱ्या कार्डाचं नाव असायचं आणि पुढे एक आकडा. ती ओळ म्हणजे आमचा तुकडा. खाली सही.

पाऊण तास जायचा. वरच्या मजल्यावरचे कारकून शिव्या द्यायचे. मी म्हणायचो, "आप्पा, गेल्या शनिवारी उठला ना? मग?"

"गेल्या लॉटचा तुकडा या लॉटला चिकटवतोस का तू?"

त्या वर्षी श्रावणात आप्पांच्या बायकोच्या, काकूंच्या, डोळ्यांचं ऑपरेशन झालं. दर शनिवारी दुपारी त्यांना दवाखान्यात न्यावं लागायचं. आप्पांनी रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. "शनिवार तुझा," म्हणाले. दुसऱ्या कोणाला दिला नसता, मला दिला.

त्याच सुमारास सर्व्हरच्या कंपनीचा माणूस येऊन जुनं कार्ड काढून नवं, जास्त वेगाचं बसवून गेला. आप्पा जाता जाता म्हणाले, "नवं कार्ड, नवी फ्लॉपी. विसरू नको." मी मान हलवली. त्या शनिवारी काम फार होतं. मी मनाशी म्हटलं, सोमवारी बनवू. रजिस्टर उघडलं, मागच्या पानावरची ओळ बघून पुढच्या पानावर उतरवली, खाली सही केली. चार वाजून पाच मिनिटांनी मी रस्त्यापलीकडच्या टपरीवर होतो. टीव्हीवर क्रिकेट चालू होतं.

काम फार होतं हे खरं. पण पुढच्या शनिवारी नव्हतं, आणि त्याच्या पुढच्याही. खरं सांगायचं तर मला त्या परीक्षेचा अपमान वाटायचा. सातवी शिकलेल्या माणसाने डिप्लोमावाल्याला शनिवारी शाळेत बसवल्यासारखं. असे अकरा शनिवार मी ओळ बघून ओळ लिहिली. अक्षर मात्र दर वेळी नीट काढलं.

दिवाळीला दहाबारा दिवस होते. मिलमध्ये पाय ठेवायला जागा नाही इतका माल. मंगळवारी सकाळी नऊला आप्पा "ऊठ वं माय" म्हणाले आणि आतून टक्-टक् असा आवाज आला. त्यांनी पुन्हा चालू केलं. टक्-टक्. तिसऱ्यांदा केलं नाही. मशीनच्या अंगाला हात लावून थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "ही गेली. दुसरी जिवंत आहे. फ्लॉपी दे."

मी फ्लॉपी दिली. ती अर्ध्यात येऊन थांबली. डिस्क सापडत नाही म्हणाली. पुन्हा घातली, तिथेच थांबली.

मला त्याच क्षणी कळलं. जुन्या कार्डासाठी बनवलेली फ्लॉपी, तिला नवं कार्ड ओळखू येत नव्हतं. हे फक्त मला माहीत होतं. आप्पांच्या लेखी तर ती फ्लॉपी तीन दिवसांपूर्वी, शनिवारी चार वाजता, व्यवस्थित चालली होती. रजिस्टरमध्ये माझी सही होती. म्हणून ते सगळीकडे शोधत राहिले. केबल काढून बघितली, फ्लॉपीचा ड्राइव्ह बदलला, दुसरी डिस्कही गेली की काय म्हणून कान लावून ऐकली. मी शेजारी उभा राहून त्यांना स्क्रू ड्रायव्हर देत होतो.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

अकराच्या सुमाराला खालून निरोप आला. मशीनमध्ये माल चढलाय, नुस्खा नाही. आप्पा खाली धावले. रंगाच्या पाकिटांच्या पाठीवर पेन्सिलीने, आठवून, नऊ लॉटचे नुस्खे लिहून दिले. नऊच्या नऊ बरोबर निघाले. पण चाळीसेक शेड नव्या होत्या, कुणाच्याच डोक्यात नव्हत्या, त्यांच्या नुस्ख्यांच्या वह्याही आता ठेवत नसत. ती मशीनं बंद झाली. तीन वाजता दुसऱ्या पाळीची माणसं आली आणि फाटकातूनच परत पाठवली गेली. डिंडोलीची, बमरोलीची, डबे घेऊन आलेली. त्यांतला एक, आप्पांच्याच गावचा, खिडकीखालून ओरडला, "काय आप्पा, तुनी म्हैस बठी गई का?" माणसं हसली. आप्पाही हसले, पण काचेवरचा त्यांचा हात तसाच राहिला.

सात वाजता भरतभाई म्हणाले, रात्रभर बसा. आप्पा नाही म्हणाले.

"दिव्याखाली शेड जुळवत नाहीत, शेठ. डोळा फसतो. हेही तसंच आहे. एक वायर चुकली तर दुसरी डिस्कपण जाईल. सकाळी उजेडात बघतो."

"अहीं माल सडे छे अने तमने उजेड जोईए छे?" भरतभाई म्हणाले. इथे माल सडतोय आणि तुम्हाला उजेड पाहिजे. आप्पांनी खोलीला कुलूप लावलं. मला म्हणाले, "जा, जेव. घाई करू नको, पाव्हणा. मशीन कथाई पळी जात नही."

मी घरी गेलो. जेवलो. तेही आठवतं, वांग्याचं भरीत होतं.

बुधवारी सकाळी आप्पांनी हात धुतले, आत आले, आणि पहिल्यांदाच रजिस्टर मागितलं. खुर्ची खिडकीजवळ ओढली. पानावर निळं बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लागले, रंगाचं नाव वाचायचे तसं, अक्षर अक्षर. श्रावणातल्या पानावर बोट थांबलं. मागचं पान बघितलं. पुढचं बघितलं. मग शेवटपर्यंत गेले.

नवं कार्ड बसल्यावर ओळीत नव्या कार्डाचं नाव यायला हवं होतं. माझ्या अकराही ओळींत जुन्याचंच होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओला तुकडा हातात घेऊन बघायचे, तसं. मी खाली बघितलं. त्यांनी रजिस्टर मिटलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "कपाटात खालच्या फळीवर जुनं कार्ड आहे. साडीच्या तुकड्यात बांधलेलं. काढ."

आप्पा काहीच टाकून देत नसत. मी कार्ड काढलं. त्यांनी ते बसवलं, फ्लॉपी घातली आणि ती सरळ उठली. नुस्खे जसेच्या तसे होते. मग मेलेल्या डिस्कच्या जागी नवी घातली, जपून ठेवलेल्या बॅकअप टेपवरून सगळं तिच्यावर उतरवलं. दोन वाजता सर्व्हर आपल्या पायांवर उभा होता. खाली मशीनं सुरू झाल्याची थरथर फरशीतून तळपायाला लागली. आप्पांनी डोळे पुसले. घाम होता की काय, मी बघितलं नाही.

खोटी लिहिलेली ओळ वाचूनच त्यांना इलाज सापडला होता. मी मंगळवारी नऊला तोंड उघडलं असतं तर दुपारी बारालाच हे झालं असतं. दुसरी पाळी परत गेली नसती.

चार वाजता भरतभाईंनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. "फ्लॉपी तो दर शनिवारे चेक थती हती ने? तो आवुं केम थयुं? जवाबदारी कोनी?"

फ्लॉपी दर शनिवारी तपासली जात होती ना, मग असं कसं झालं, जबाबदारी कोणाची. पंख्याचा आवाज येत होता. रजिस्टर आप्पांच्या काखेत होतं. मला आज वाटतं, चांगलं दहा-पंधरा सेकंद ते थांबले. मग म्हणाले, "मारी."

माझी.

रात्री बसायला नकार दिला हे भरतभाईंच्या मनात होतंच. पुढच्या सोमवारपासून आप्पा परत कलर किचनमध्ये आणि खोली माझ्याकडे, असं ठरलं. किल्ली देताना त्यांनी मला अर्धा तास सगळं समजावलं. कोणती खिडकी पावसात गळते, मागच्या पंख्यात धूळ कुठे बसते, कोणता कारकून चुकीचं बटण दाबून मशीनला दोष देतो. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी किल्ली घेतली.

त्यानंतर चार वर्षं, रोज अकरा वाजता, आप्पा चहाचे दोन कप घेऊन खोलीच्या काचेपाशी यायचे. एक मला द्यायचे. आत या म्हटलं तर येत नसत. "हात रंगाचे आहेत," म्हणायचे. पण धुतलेले असायचे. दारातच उभं राहून, काकूंची चौकशी मी करायची, नांदेडची चौकशी त्यांनी, असा पाच मिनिटांचा चहा. मग थोडा वेळ काहीच न बोलता थांबायचे आणि जायचे. मला वाटायचं मशीन बघायला येतात. त्यांच्या पाठीकडे बघून मी रोज ठरवायचो, उद्या सांगू. फ्लॉपी मात्र त्या दिवसापासून मी एकही शनिवार चुकवली नाही.

मग त्यांना खोकला लागला, रंगाच्या भुकटीचा, आणि त्यांनी मिल सोडली. मी दोनेक महिन्यांनी डिंडोलीला त्यांच्या घरी गेलो. ते बाहेर पडतच होते. नातीला शाळेतून आणायचं होतं. "चल, बोलत जाऊ," म्हणाले. दुपार होती. वाळत घातलेल्या साड्यांखालून वाकून आम्ही गल्लीतून निघालो. ते सावकाश चालत, मधूनच दम घ्यायला थांबत. मी खोलीतल्या नव्या मशीनबद्दल काहीतरी बोलत होतो. एका थांब्यावर माझं मलाच ऐकवेना.

"आप्पा, त्या रजिस्टरमधल्या ओळी मी..."

"हो," ते म्हणाले.

"मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

"केबिनमध्ये मी थांबलो होतो ना, तुझ्यासाठी थांबलो होतो. वाटलं, आता बोलेल. नाही बोललास. म्हटलं, माणसांसमोर लाज वाटली असेल, एकट्यात सांगेल." दम लागला म्हणून त्यांनी भिंतीला हात टेकला. "रोज चहा घेऊन कशाला येत होतो मी? आमच्या किचनमध्ये काय चहा मिळत नव्हता?"

मी म्हटलं, "मी भरतभाईंना जाऊन सांगतो. आजच."

"आता काय, कोण विचारतंय? मी मिलमध्ये नाही, भरतभाईला आठवत पण नसेल." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून आवाज जरा खाली आणला. "खोली गेली त्याचं दुःख झालं मला. नाही झालं म्हणणार नाही. दीड पान रोज वाचलं होतं, पुस्तक संपायला आलं होतं. पण तू सांगितलं असतंस ना, तर तुझ्याबरोबर बसून संपवलं असतं."

शाळा सुटल्याची घंटा झाली. "पोरगी रडेल," म्हणत ते घाईने निघाले. मी कोपऱ्यावरच थांबलो. फाटकापाशी मुलांचा लोंढा बाहेर पडला, त्यात ते क्षणभर दिसेनासे झाले. मग गर्दी पातळ झाली तेव्हा दिसले. नातीचं दप्तर खांद्याला अडकवून ते खाली वाकले होते आणि ती त्यांच्या कानाशी लागून काहीतरी भराभरा सांगत होती. बहुतेक तक्रार असावी, कारण ती मधेच दुसऱ्या एका मुलीकडे बोट दाखवत होती. आप्पा तिचं पूर्ण होईपर्यंत तसेच वाकून उभे राहिले. मग दोघं बोलत बोलत पलीकडच्या गल्लीने गेली.